रविवारच्या उपासनेनंतरचं टेबल: मंडळीत मदत, न्याय आणि सलोख्याचं काम कसं उभं करावं

नाताळात ब्लँकेट, लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासकाळात) धान्याचं किट, उन्हाळ्यात पाणपोई. नागपुरातल्या बहुतेक मंडळ्या, म्हणजे चर्च, एवढं करतातच आणि मनापासून करतात. पण किट नेणारी आजी पुढच्या वर्षीही त्याच रांगेत दिसते. तिचं रेशन कशामुळे बंद पडलं, ठेकेदाराने तिच्या मुलाचे पैसे का अडवले, हे विचारायला कुणी बसलेलं नसतं. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय उपाशी भावाला नुसत्या गोड शब्दांवर वाटेला लावणाऱ्यांना जाब विचारतो, आणि पाचव्या अध्यायात मजुराची अडवलेली मजुरी ओरडते आहे असं म्हटलं आहे. पोटाचा प्रश्न आणि हक्काचा प्रश्न एकाच पत्रात आला आहे. मंडळीचं कामही तसंच एका वहीतून चालायला हवं. सुरुवातीलाच एक नियम करून टाका: एकाच घरी तिसऱ्यांदा किट द्यायची वेळ आली तर किट द्यायचंच, पण त्याच आठवड्यात त्या घरचे कागदही बघायचे.

माणसं कशी निवडावी

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात रोजच्या वाटपाबद्दल तक्रार आली होती. ग्रीक बोलणाऱ्या विधवा सुटून जात होत्या. प्रेषितांनी तक्रार दाबली नाही, सात माणसं नेमली, आणि त्या सातांची नावं बघितली तर सगळी ग्रीक आहेत. म्हणजे जे सुटत होते त्यांच्यातल्याच लोकांच्या हातात वाटप गेलं. आपल्याकडेही हे काम बघणारा गट तसाच करावा. निवृत्त बँक कर्मचारी आणि शिक्षक हवेतच, पण त्यांच्यासोबत घरकाम करणारी एखादी बाई, ठिय्यावर उभा राहणारा एखादा मिस्त्री, आणि गोंडी किंवा छत्तीसगढी समजणारं एक तरी माणूस हवं. 6 ते 8 जण पुरतात. त्यात निदान तीन स्त्रिया असाव्यात, कारण निम्म्याहून अधिक अडचणी बायका घेऊन येतात आणि त्यातल्या बऱ्याच पुरुषासमोर निघतच नाहीत.

पाळकसाहेबांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, गटाचं प्रमुख करू नका. त्यांची बदली होते आणि काम तिथेच थांबतं. शिवाय ज्यांच्या हातून प्रभुभोजन घ्यायचं, त्यांच्यासमोर नवऱ्याची दारू, मुलाचं कर्ज, घरातली मारहाण बोलायला लोक कचरतात. पाळकांनी गटाला व्यासपीठावरून पाठिंबा द्यावा आणि महिन्यातून एकदा वही बघावी.

सगळ्यात जास्त वेळा काम बिघडतं ते एकाच वेळी पाच गोष्टी सुरू केल्याने. रुग्णालय, तुरुंग, शिकवणी, रेशन, व्यसनमुक्ती असं सगळं जाहीर होतं आणि दोन महिन्यांत फलक तेवढा उरतो. आधी फक्त लोकांच्या अडचणी ऐकायचं टेबल लावा. सहा महिने ते न चुकता लागलं की रुग्णालयाच्या वॉर्डात जायचं बघा.

टेबल, वही आणि वार

रविवारी उपासना सुटल्यावर एक तास टेबल लावायचं, आणि आठवड्यातला एक कामाचा दिवस, समजा बुधवार, कार्यालयांच्या चकरांसाठी ठेवायचा. रविवारी ऐकायचं आणि कागद बघायचे, बुधवारी त्या माणसासोबत जायचं. फक्त रविवारवर काम चालत नाही, कारण त्या दिवशी सेतू, तहसील, रेशन कार्यालय सगळं बंद. फक्त बुधवारवरही चालत नाही, कारण ज्याला मदत हवी त्याला रोजी बुडवून नुसतं विचारायला येणं परवडत नाही.

टेबल मुख्य दारात लावू नये. सगळी मंडळी चहा पीत उभी असताना तिथे कुणी बसत नाही. बाजूच्या व्हरांड्यात, दिसेल पण ऐकू येणार नाही अशा अंतरावर लावा. बंद खोली मात्र नको. स्त्री किंवा मूल बोलत असेल तेव्हा दार उघडं आणि समोर गटातले दोघं, त्यात एक स्त्री. सामान फार लागत नाही: मोठी पक्क्या बांधणीची वही, प्लास्टिकच्या फायली, स्टेपलर, शाईचं पॅड, झेरॉक्ससाठी सुटे पैसे, 10 रुपयांची काही कोर्ट फी तिकिटं, आणि एक मोबाईल जो गटाचा आहे, कुणाच्या घरचा नाही.

वहीचं पान आडवं आखा. तारीख, नाव, फोन आणि तो फोन कुणाचा, अडचण त्या माणसाच्याच शब्दांत, कोणते कागद पाहिले, अर्ज कुठे केला, पावतीचा नंबर, पुढची तारीख, सोबत कोण जाणार. यातला ‘फोन कुणाचा’ हा रकाना क्षुल्लक वाटतो, पण नंबर शेजाऱ्याचा किंवा नवऱ्याचा असेल तर काय बोलायचं आणि काय नाही हे त्यावर ठरतं. धर्म, जात आणि मंडळीचा सभासद आहे की नाही, हे तीन रकाने वहीत आखूच नका. रकाना असला की तो भरला जातो, आणि भरला की मदतीचा क्रम त्यावर ठरायला लागतो.

मूळ कागद कधीच ठेवून घ्यायचे नाहीत, एका रात्रीसाठीही नाही. झेरॉक्स किंवा फोटो घ्यायचा आणि मूळ कागद त्याच क्षणी हातात परत. आधारचा फोटो व्हॉट्सॲप गटावर टाकायचा नाही. ओटीपी विचारायचा नाही, कुणी आपणहून सांगितला तर त्याला तिथेच समजावायचं.

रेशन: सगळ्यात जास्त येणारी अडचण

प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कार्डावर घराला 35 किलो धान्य मिळतं, सध्या मोफत. शहरात प्राधान्य यादीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 59,000 रुपये आहे. ‘रेशन बंद झालं’ असं म्हणणाऱ्या माणसाला लगेच नवा अर्ज भरून देऊ नका. आधी कारण शोधा, कारण उपाय प्रत्येक वेळी वेगळा असतो.

पहिलं कारण अंगठा. विटा-सिमेंट हाताळणारे मिस्त्री, भांडी घासणाऱ्या बायका आणि म्हातारी माणसं यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्रावर अंगठा तीन-चारदा लावूनही लाल दिवाच येतो आणि दुकानदार ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणतो. हात साबणाने धुऊन, पुसून, थोडं तेल चोळून पुन्हा पुसायचे आणि दुसरी बोटं लावून बघायची. नव्या यंत्रांवर डोळ्यांनीही ओळख पटते, ते मागायचं. तरी जमलं नाही तर आधार केंद्रात ठसे नव्याने द्यायचे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या वतीने धान्य उचलायला दुसऱ्याची नोंद करता येते.

दुसरं कारण ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिलेली असणं. घरातल्या एकाने केली की सगळ्यांची झाली असा समज आहे. तसं नाही, कार्डावरच्या प्रत्येक नावाची वेगळी होते. तिसरं, लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरच असणं. तिथून नाव कमी केल्याचा दाखला आल्याशिवाय इथे चढत नाही. आणि चौथं नागपुरात फार दिसतं: बालाघाट, शिवनी, छिंदवाडा किंवा छत्तीसगडमधून बांधकामावर आलेलं कुटुंब. कार्ड गावचं आहे म्हणून इथे मिळणार नाही असं त्यांना सांगितलेलं असतं. ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे त्यांचं धान्य इथल्या दुकानातही उचलता येतं, आणि गावाकडे राहिलेले घरचे आपला वाटा तिकडे उचलू शकतात. दुकानदाराशी भांडत बसण्यापेक्षा झोनच्या अन्नधान्य वितरण कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. शिक्क्याची प्रत हाती नसेल तर तो अर्ज केलाच नाही असं धरा.

निराधार, श्रावणबाळ आणि दाखले

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत 65 वर्षांखालच्या निराधार विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण येतात. 65 पासून पुढे श्रावणबाळ योजना. महिन्याला 1,500 रुपये (दिव्यांगांना 2,500) थेट खात्यात येतात. दिव्यांग सोडून इतरांसाठी वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये आहे आणि महाराष्ट्रात 15 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. ही मर्यादा इतकी कमी आहे की चार घरची भांडी करणारी विधवाही तिच्या वर जाते. म्हणून उत्पन्नाचा दाखला खोटा काढून द्यायचा मोह होतो आणि दलाल तेवढ्यासाठीच बसलेले असतात. मंडळीच्या टेबलवरून खोटा कागद जाता कामा नये. मर्यादा वाढवून मागणं हे वेगळं काम आहे, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

पैसे मंजूर होऊनही आले नाहीत तर आधी बँकेत विचारा की आधार याच खात्याला जोडलं आहे का. दोन खाती असली की पैसे जुन्या, विसरलेल्या खात्यात जातात. दुसरं नेहमीचं कारण हयातीचा दाखला वेळेवर न देणं. वहीच्या मागच्या पानावर सगळ्या लाभार्थींची यादी करून ठेवा आणि मुदतीच्या महिनाभर आधी फोन करा. एवढ्याने बरीच खाती चालू राहतात.

दाखल्यांना मुदत असते हे बऱ्याच जणांना ठाऊक नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 नुसार अधिसूचित सेवेच्या पावतीवर दाखला कधी मिळणार ती तारीख असते. तारीख उलटली किंवा अर्ज फेटाळला तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. अर्जाचं काय झालं हेच कळत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा: साध्या कागदावर, एकच विषय, महाराष्ट्रात 150 शब्दांच्या आत, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाही. ‘माझा अर्ज का अडकला?’ असं लिहिलं तर उत्तर येत नाही, कारण कायद्याने माहिती मागता येते, खुलासा नाही. ‘अमुक पावती क्रमांकाच्या अर्जावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींची प्रत द्यावी’ असं लिहा. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते, आणि बरेचदा उत्तराआधी दाखलाच येतो.

जातीच्या दाखल्याबाबत स्पष्ट बोलावं लागतं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो मिळत नाही. अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अशी अट नाही. हा अन्याय आहे असं आमचं ठाम मत आहे, कारण बाप्तिस्म्याने वस्ती बदलत नाही आणि हिणवणारे शेजारीही बदलत नाहीत. पण तो दूर होईपर्यंत अर्जात धर्म लपवून दाखला काढून देणं म्हणजे त्या मुलाला खड्ड्यात घालणं. पडताळणीत दाखला रद्द होतो आणि त्यासोबत प्रवेश किंवा नोकरीही जाते. मुलाला जे खरंच लागू आहे ते शोधा: इतर मागासवर्गाच्या राज्य यादीतली नोंद, अल्पसंख्याक शिष्यवृत्ती, आर्थिक दुर्बल घटक.

रुग्णालयातली सेवा

मेडिकल, मेयो, डागा, तुकडोजी कर्करोग रुग्णालय. या ठिकाणी गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि पार बैतूल-बालाघाटहून माणसं येतात. रुग्णाला खाट मिळते, सोबतचा नातेवाईक व्हरांड्यात चटईवर असतो आणि त्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. मंडळीने सुरुवात त्याच्यापासून करावी.

आधी रुग्णालयाच्या प्रशासनाकडे लेखी परवानगी मागा आणि समाजसेवा अधीक्षकांना भेटा. कोणत्या रुग्णाकडे कुणीच नाही, कुणाचं इंजेक्शन बाहेरून आणायचं आहे, हे त्यांना ठाऊक असतं. दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ, तेच दोघं. माणसं बदलत राहिली की वॉर्डातल्या सिस्टर ओळखत नाहीत आणि दारातूनच परत पाठवतात.

वॉर्डात शिरण्याआधी आणि प्रत्येक खाटेनंतर हात धुवा. खाटेवर बसायचं नाही. फोटो काढायचा नाही, पाठमोराही नाही. एका रुग्णापाशी दहा मिनिटं पुष्कळ. खायला काही देण्याआधी सिस्टरला विचारा. उद्या शस्त्रक्रिया असलेल्या माणसाने आज प्रेमाने दिलेलं केळं खाल्लं तर शस्त्रक्रिया पुढे जाते, आणि गडचिरोलीहून आलेल्या घराला तो वाढलेला मुक्काम फार महाग पडतो. डिस्चार्जच्या दिवशी औषधाच्या चिठ्ठीवर सकाळ-दुपार-रात्र अशा खुणा मराठीत किंवा हिंदीत करून द्या. परतीचं तिकीट काढताना लक्षात ठेवा की एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफत.

प्रार्थना मागितली तर करा, हळू आवाजात, दोन मिनिटं. मागितली नाही तर खाटेपाशी करू नका, घरी करा. वॉर्डात पत्रकं वाटू नका आणि टेबलवरही ठेवू नका. संकटात सापडलेला माणूस ‘नको’ म्हणू शकत नाही, म्हणून त्याच्या ‘हो’लाही त्या घडीला अर्थ नसतो. लूकच्या दहाव्या अध्यायातल्या शोमरोनी माणसाने जखमीला आपला धर्म समजावला नाही. जखमा बांधल्या, उतारशाळेत नेलं, दोन दिनार दिले आणि जास्तीचा खर्च परत आल्यावर देईन म्हणाला. परत यायचा शब्द देणं हाच त्या सेवेचा अर्धा भाग आहे.

‘प्रार्थना झाली, आता गोळ्या नकोत’ असं कुणी बोललं तर तिथेच थांबवा. क्षयरोगाच्या गोळ्या मध्येच सुटल्या की रोग औषधांना दाद देईनासा होतो. फिट्सच्या आणि मानसिक आजाराच्या गोळ्या एकदम बंद केल्याने जीवावर बेततं. क्षयरुग्णाला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला 1,000 रुपये मिळतात. खात्याचा नंबर दिला आहे का, हे विचारा.

खर्चाचा प्रश्न आला की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाकडे, न्या. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ठरलेल्या उपचारांसाठी आणि योजनेतल्याच रुग्णालयात. दाखल होताना रेशनकार्ड आणि आधार दाखवायला हवं. बिल भरून झाल्यावर पैसे परत मागता येत नाहीत, आणि गाडी नेमकी इथेच अडते. धर्मादाय रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 एए नुसार 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. यात मिशनची आणि मंडळीची धर्मादाय रुग्णालयंही येतात. आपल्याच संस्थेत त्या खाटांचा फलक दर्शनी भागात लावला आहे का, हे आधी बघा.

विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत आणि त्यांना वारंवार रक्त लागतं. त्यांच्याकडून बदली रक्तदाता मागायचा नसतो, रक्त मोफत द्यायचं असतं. मे-जूनच्या उन्हात रक्तपेढ्यांत टंचाई होते, म्हणून मंडळीचं शिबिर नाताळाऐवजी तेव्हा घ्या, सकाळी 7 ते 10. दात्याचं वय 18 ते 65, वजन निदान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5. पुरुषाला दोन रक्तदानांत 90 दिवस आणि स्त्रीला 120 दिवस अंतर लागतं.

नातेवाइकांसाठी जेवण न्यायचं असेल तर 50 जणांना 4 किलो तांदूळ, दीड किलो मूगडाळ आणि अर्धा लिटर तेलाची खिचडी पुरते. उन्हाळ्यात ती दोन तासांत संपेल अशा बेताने न्या. सकाळी केलेली दुपारी चारला वाटली तर पोटं बिघडतात. दही आणि ओल्या नारळाची चटणी एप्रिलपासून बंद.

अडवलेली मजुरी

ठेकेदाराने पैसे बुडवले ही तक्रार बहुतेक वेळा तोंडी असते. ‘दोन महिने काम केलं, अर्धे दिले.’ त्यावर पुढे काही करता येत नाही. त्या माणसासोबत बसून दिवसवार तक्ता करा: तारीख, कुठली साइट, काय काम, ठरलेली रोजी, मिळालेली रक्कम, सोबत कोण होतं. ठेकेदाराचा फोन नंबर, त्याने पाठवलेले संदेश, साइटवरचे फोटो जोडा. मग गटातल्या दोघांनी ठेकेदाराला भेटून तो तक्ता शांतपणे समोर ठेवायचा आणि आठ दिवस द्यायचे. बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण कागद बघितल्यावर समोरचा माणूस बदलतो. नाही मिटलं तर कामगार कार्यालयात लेखी तक्रार करा.

बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीसाठी वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दलालाला हजार-दोन हजार देऊन नोंदणी करणारे पुढच्या वर्षी नूतनीकरण विसरतात आणि अपघात झाला की हाती काहीच नसतं.

एक गोष्ट बोलायलाच हवी. मंडळीच्या शाळेतली आया, कंपाउंडचा चौकीदार, स्मशानभूमीचा माळी यांना किमान वेतन मिळतं का? लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात मजुराची मजुरी सकाळपर्यंत ठेवू नका असं आहे. बाहेरच्या ठेकेदाराकडे जाण्याआधी आपलं वेतनपत्रक तपासा.

वाद मिटवणं, आणि कधी मिटवू नये

मत्तयच्या अठराव्या अध्यायातली पायरी सोपी आहे: आधी दोघांनी एकांतात बोलायचं, मग एक-दोन साक्षीदार, मग मंडळी. आपल्याकडे उलट चालतं. आधी व्हॉट्सॲप गटावर, मग सभेत, आणि दोघं समोरासमोर शेवटी कोर्टात भेटतात. निवडणूक, मिळकत, देणीघेणी अशा वादात बसवायचं तर तटस्थ दोघं घ्या, त्यात एक दुसऱ्या मंडळीतला. एका बैठकीला दीड तास. प्रत्येकाने आधी आपलं पूर्ण बोलायचं, मग समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत सांगून दाखवायचं. यातच बराच वेळ जातो आणि तो द्यायचाच. ठरलं ते त्याच बैठकीत कागदावर, दोघांच्या सह्यांनी. कोर्टात गेलेला दिवाणी वाद लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्यावर अपील नसतं.

पण ही पायरी घरातल्या मारहाणीला लावायची नाही. मार खाणाऱ्या बाईला नवऱ्यासमोर बसवून ‘क्षमा कर’ म्हणणं हे शांतीचं काम नाही. तिने तिथे जे सांगितलं त्याचा हिशेब तिला रात्री घरी चुकवावा लागतो. तिला एकटीला ऐका, 181 किंवा 112 या हेल्पलाइन सांगा, संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा सखी केंद्रात (पीडित स्त्रियांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात) सोबत जा, आणि रात्रीच्या निवाऱ्याची सोय आधीच ठरवून ठेवा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयात आहे, हेल्पलाइन 15100.

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर मंडळीत चौकशी समिती नेमू नका. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. आरोपी संडे स्कूलचा शिक्षक असो, वडीलधारा असो की पाळक. मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका, त्याने सांगितलं ते त्याच शब्दांत लिहून ठेवा, आणि 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर कळवा.

शहरात तणाव होतो तेव्हा तयारीला वेळ नसतो. 17 मार्च 2025 ला नागपूरच्या महाल भागात दंगल उसळली आणि काही ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. अशा रात्री उपयोगी पडते ती आधी केलेली यादी: वस्तीतल्या मशिदीचे, विहाराचे, मंदिराचे आणि गुरुद्वाऱ्याचे दोन-दोन फोन नंबर, ठाण्याच्या शांतता समितीतली माणसं, आणि ज्यांना डायलिसिस, इन्सुलिन किंवा बाळंतपणासाठी बाहेर पडावंच लागेल अशी घरं. ही यादी ईद, रामनवमी, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि नाताळ या चार निमित्तांनी भेटून ताजी ठेवा. अफवा आली की पुढे पाठवण्याआधी त्या गल्लीत राहणाऱ्या एका माणसाला फोन करा. तुमच्या गटावर ती टाकणाऱ्याला सगळ्यांसमोर न झापता वेगळा फोन करून काढायला सांगा, नाहीतर तो हट्टाला पेटतो.

तुरुंग, थोडक्यात

मध्यवर्ती कारागृहात भेट अधीक्षकांच्या परवानगीनेच. बाहेरून मंडळी सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती जामिनाच्या कामात. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नसल्याने माणसं आतच राहतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ, इतरांनी अर्धा काळ कोठडीत काढला असेल तर सुटकेचा विचार होतो. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रकरणं असतील तर नाही. घरच्यांकडून अटकेची तारीख आणि कलमं लिहून घ्या आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडे न्या.

पैसा

करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, आठव्या अध्यायात पौल म्हणतो की या देणगीबद्दल कुणी दोष लावू नये म्हणून आम्ही जपतो, प्रभूपुढेच नव्हे तर माणसांपुढेही. तेच धरून चाला. मदतनिधीचं खातं मंडळीच्या नावे, सह्या दोघांच्या, त्या दोघांत नातं नको. टेबलवर रोख देऊ नका: औषध दुकानाला, शाळेला, घरमालकाला थेट द्या आणि पावती फाइलला लावा. उधार देऊ नका. उधार घेतलेला माणूस फेडता आलं नाही की उपासनेला यायचंच सोडतो. द्यायचं तर मदत म्हणून द्या. महिन्याचा हिशेब नावं न टाकता फलकावर लावा.

वही वाचून पुढे काय

दर तीन महिन्यांनी गटाने बसून वही पहिल्या पानापासून वाचावी आणि सारख्या अडचणी रंगाने खुणावाव्या. एकाच रेशन दुकानाच्या बारा तक्रारी, एकाच वस्तीत पाण्याचा टँकर न येणं, 21,000 च्या मर्यादेमुळे बाद झालेल्या वीस विधवा. असं काही दिसलं की ते एकेका घराचं काम राहत नाही. तेव्हा शेजारच्या मंडळ्यांना बोलवा. याच शहरात, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, 29 नोव्हेंबर 1970 ला सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. कॅथलिक धर्मग्राम (त्यांची स्थानिक मंडळी), मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल यांना एका निवेदनावर सही करायला बोलावणं त्याहून पुष्कळ सोपं आहे. वस्तीतले बौद्ध, मुस्लिम, हिंदू शेजारीही त्यात हवेत, कारण दुकान सगळ्यांचं एकच.

निवेदन एका पानाचं करा. वर अडचण दोन ओळींत, मध्ये तक्ता (नावं त्या-त्या माणसाची परवानगी घेऊनच), खाली एकच मागणी आणि मुदत. पाच जणांनीच आत जायचं, त्यात ज्यांची अडचण आहे असे निदान दोघं, आणि बोलायचं त्यांनीच. निघताना आवक क्रमांक घ्या, तो वहीत लिहा, आणि पुढची तारीख टाकून सोबत कोण जाणार त्याचं नाव तिथेच भरा.